ढालकन्या, ढालगज आणि ‘मी पुरुष नव्हे’

प्रश्न असा आहे: ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रपटमालिकेतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात (२००२ आणि २००३) मिरांडा ओटोने रंगवलेल्या एओविनला, म्हणजे रोहानच्या राजघराण्यातल्या तरुणीला, ‘शील्डमेडन’ म्हटलं आहे. मराठी उपशीर्षकांत त्यासाठी ‘ढालकन्या’ चालेल का, की सरळ ‘वीरांगना’ लिहावं? शिवाय, शिरस्त्राण काढून ती नाझगुलांच्या, म्हणजे शत्रूच्या पिशाच्चस्वारांच्या, म्होरक्याला ‘आय ॲम नो मॅन’ असं जे सुनावते, त्याचं ‘मी माणूस नाही’ हे भाषांतर कानाला विचित्र का लागतं?

‘ढालकन्या’ व्याकरणात बसतो. पुरणपोळी म्हणजे पुरण भरून केलेली पोळी, तशी ढाल धारण करणारी कन्या. मधलं पद गाळलेला समास. अडचण अर्थाची आहे. गाळलेलं पद कोणतं हे वाचणाऱ्याने ओळखायचं असतं, आणि ‘ढाल’च्या बाबतीत मराठी कान भलतंच पद भरतो. आपण ‘बायकापोरांची ढाल केली’ असं म्हणतो, बातम्यांत ‘मानवी ढाल’ असते. त्यामुळे ढालकन्या म्हणजे जिची कुणीतरी ढाल केली ती बिचारी पोर, असाही अर्थ निघतो. त्यात शेजारी ‘ढालगज’ उभी आहेच. जुन्या मराठीत ढाल म्हणजे सैन्याचं मोठं निशाणही, आणि ते वाहणारा हत्ती तो ढालगज. पुढे हा शब्द धीट, कुणाला न जुमानणाऱ्या बाईला चिकटला आणि ‘ढालगज भवानी’ ही शिवी झाली. निशाणाचा मानाचा हत्ती बाईच्या वाट्याला आला की शिवी होतो, यात भाषेचं काही कौतुक नाही. पण ढालकन्या वाचताना तो हत्ती मागून डोकावतो हे खरं.

मूळ शब्द जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘स्क्याल्दमेर’वरून आला आहे. त्यात ढाल आणि कुमारी अशी दोन पदं आहेत. नॉर्स गाथांतली हेरवोर ही अशीच एक. म्हणजे हे नुसतं कौतुकाचं विशेषण नाही. शस्त्र चालवायला शिकलेली आणि वेळ आली तर लढणारी बाई, असा तो दर्जा आहे. ‘वीरांगना’ नेमकी इथेच कमी पडते. एखादीने शौर्य गाजवल्यावर आपण तिला वीरांगना म्हणतो; एओविनला तर लढायला मिळण्याच्या आधीपासून ती संज्ञा लागू आहे, आणि लढू देत नाहीत हेच तिचं दुखणं आहे. शिवाय राजस्थानात हुतात्मा जवानांच्या पत्नींना वीरांगना म्हणतात, आपल्याकडे वीरपत्नी म्हणतात तसं. आणि वेलांटीच्या जागी काना पडला तर वीरांगनेची वारांगना होते! घाईत टंकलेल्या उपशीर्षकांत ही भीती खोटी नाही.

‘वीरकन्या’ म्हणजे शूर मुलगी की शूराची मुलगी, हे कळत नाही. ‘रणरागिणी’ हा शब्द मोर्चे आणि सत्कारांनी इतका वापरला आहे की त्यातलं रण उरलेलं नाही. ‘मर्दानी’ तर इथे मुळीच नको. मर्दानी म्हणजे पुरुषी. आणि या पात्राचा सगळ्यात मोठा क्षण ‘मी पुरुष नाही’ असं सांगण्याचा आहे. विशेषण आधीच तिचं वाक्य खोडून टाकतं.

माझं मत ‘ढालकरीण’ला. टाळ धरतो तो टाळकरी, वीणा धरतो तो विणेकरी, आणि वारकऱ्याच्या जोडीला तलवारीचा धारकरी आपल्याकडे आहेच. हातात काय आहे त्यावरून माणसाची ओळख सांगायची, ही मराठीची जुनी रीत. त्याच साच्यात ढालकरी, स्त्रीलिंगी ढालकरीण. ‘-ईण’ प्रत्ययावर एक आक्षेप येईल: पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, तशी ही ढालकऱ्याची बायको का? पण वारकरीण स्वतः वारी करते, शेतकरीण स्वतः शेतात राबते. ‘-करी’वाल्या शब्दांत काम तिचं स्वतःचंच असतं. शब्द पहिल्यांदा येईल तिथे ‘रोहानची ढालकरीण’ असं पूर्ण लिहा, म्हणजे तो त्या देशातला दर्जा आहे हे कळेल. पुढे साध्या वर्णनात ‘लढवय्यी’ पुरे.

मूळ कादंबरीत एओविन विचारते की मी ढालकरीण आहे, पोरं सांभाळणारी दाई नव्हे, मग मी मागे का राहायचं? जिच्या हाती पाळण्याची दोरी, ती जगाला उद्धारी, हे ऐकत वाढलेल्या वाचकाला तिथे वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. हातात ढाल की पाळण्याची दोरी, एवढंच ठेवलं तरी भांडण कळतं.

आता ते वाक्य. इंग्रजी ‘मॅन’मध्ये माणूस आणि पुरुष दोन्ही आहेत, आणि सगळा डाव त्यावरच उभा आहे. मराठीत ‘बाईमाणूस’ हा रोजचा शब्द, म्हणजे बाई माणसांत धरलेलीच आहे. म्हणून ‘मी माणूस नाही’ म्हटलं की ती हडळ किंवा यंत्र वाटते. ‘मी मर्द नाही’ याहून वाईट, कारण मराठीत ती भित्रेपणाची कबुली होते. उरतो ‘पुरुष’. पण तो आधी पेरावा लागतो: म्होरक्या स्वतःच्या तोंडाने ‘कुणाही पुरुषाच्या हातून मला मरण नाही’ असं म्हणाला पाहिजे. तिथे ‘कुणीच मला मारू शकत नाही’ असं सैल भाषांतर केलं, तर पुढचं उत्तर अधांतरी लटकतं. पेरणी नीट झाली की महिषासुराच्या वरदानाची गोष्ट ऐकलेल्या प्रेक्षकाला पळवाट आपोआप दिसते.

उपशीर्षकात ‘मी पुरुष नव्हे’ लिहावं. ‘नाही’ने चुकत नाही, पण ‘नव्हे’ ओळख नाकारतो. ‘तो मी नव्हेच’ म्हणताना आपण हेच करतो. डबिंग असेल तर हिशेब बदलतो. चेहरा उघडा आहे, आणि ‘मॅन’च्या सुरुवातीला ओठ मिटतात. ‘पुरुष’च्या ‘प’लाही ओठ मिटतात, म्हणून तो शब्द शेवटी आणा: ‘नाही मी पुरुष.’ ‘नाही मी येणार’ म्हणताना जो हट्ट आवाजात येतो तो इथे फुकटात मिळतो.

जाता जाता, प्रश्नाच्या मसुद्यात एओविनला एकदा ‘राजकन्या’ आणि एकदा राजाची ‘पुतणी’ म्हटलं आहे. दोन्ही चूक. इंग्रजीत भाची-पुतणीला एकच शब्द, म्हणून हा घोळ होतो. ती रोहानचा राजा थिओडेन याच्या बहिणीची मुलगी आहे, म्हणजे भाची, आणि रणात ती ज्याच्या रक्षणासाठी उभी राहते तो तिचा मामा. नाव ‘इओविन’ नको, ‘एओविन’ लिहा. जुन्या इंग्रजीत ‘एओह्’ म्हणजे घोडा आणि ‘विन्’ म्हणजे आनंद, तेव्हा सुरुवातीचा ‘ए’ घोड्याचा आहे.