पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनला यायचं म्हणता, त्याबद्दल

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आजोबा १९३८ साली, पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यात, पेडण्यात जन्मले, त्यामुळे त्यांच्यापासून वडिलांना आणि वडिलांपासून तुम्हाला पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकतं. म्हापशाचा एजंट सांगतो, पासपोर्ट हातात पडला की यूके डायरेक्ट, व्हिसाची भानगड नाही. त्यासाठी हॉटेलातली कायमची नोकरी सोडून आईचे दागिने गहाण ठेवावेत का, असं तुम्ही विचारलंय. ब्रिटनसाठी असेल तर ठेवू नका.

मी २००९ मध्ये याच वाटेने इंग्लंडमधल्या स्विंडनला आलो, म्हणून हे लिहितोय. तेव्हा पोर्तुगाल आणि ब्रिटन दोघेही युरोपीय संघात होते. संघातल्या कुठल्याही देशाच्या नागरिकाला दुसऱ्या सदस्य देशात राहण्याचा, काम करण्याचा हक्क होता. हीथ्रोला अधिकाऱ्याने पासपोर्ट पाहिला आणि सोडलं. पुढच्याच आठवड्यात मी गोदामात रात्रपाळीला उभा होतो. पगाराची अट नाही, इंग्रजीची परीक्षा नाही. स्विंडनमध्ये एवढे गोंयकार जमले ते याच हक्कामुळे. ब्रिटन संघातून बाहेर पडला (ब्रेक्झिट) आणि ती वाट ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री ११ वाजता बंद झाली.

एजंटचं अर्धं बोलणं खरं आहे आणि घात तिथेच होतो. पोर्तुगीज पासपोर्टवर आजही व्हिसाशिवाय ब्रिटनमध्ये शिरता येतं. आधी ऑनलाइन परवानगी काढायची, थोडी फी भरायची, की पाहुणा म्हणून सहा महिने राहता येतं. पण पाहुण्याला काम करता येत नाही. बेकायदा माणूस कामावर ठेवला तर मालकाला पहिल्याच वेळी माणसामागे ४५,००० पौंडांपर्यंत दंड होतो, त्यामुळे नीट मालक तुम्हाला दारात उभा करणार नाही. जो करेल तो निम्म्या पगारात राबवून घेईल आणि तुम्हाला तक्रारीला जागा उरणार नाही. अशी दोन मुलं मी पाहिली आहेत, दोघंही आपल्याच तालुक्यातली.

रीतसर काम करायचं तर वर्क व्हिसा हवा, आणि तिथे पोर्तुगीज पासपोर्ट भारतीय पासपोर्टपेक्षा तसूभरही वरचढ नाही. जुलै २०२५ पासून नियम आणखी आवळले. नव्याने येणाऱ्यासाठी नोकरी साधारण पदवीच्या पातळीची हवी आणि पगाराची सर्वसाधारण अट वर्षाला ४१,७०० पौंडांची आहे. हॉटेलच्या किचनमधलं काम त्यात बसत नाही. वृद्धांच्या देखभालीसाठी केरळ-महाराष्ट्रातून पुष्कळ जण यायचे, तोही मार्ग परदेशातून नव्याने येणाऱ्यांना त्याच महिन्यात बंद झाला. एक अपवाद आहे: ज्यांना ब्रेक्झिटआधीच्या वास्तव्यावर सेटल्ड स्टेटस, म्हणजे कायम राहण्याचा हक्क, मिळालंय त्यांचा नवरा, बायको किंवा अवलंबून आईवडील. पण ते नातंही २०२० संपण्याआधीचं लागतं. तुमचं तसं कुणी इथे नाही, असं तुम्हीच लिहिलंय.

"इतकी वर्षं चालत होतं, मग ब्रिटनमधल्या लोकांनी संघातून बाहेर पडायचं का ठरवलं?" असंही तुम्ही विचारलंय. २००४ मध्ये पूर्व युरोपातले आठ देश संघात आले. जर्मनी, फ्रान्सने आपली दारं टप्प्याटप्प्याने उघडली, ब्रिटनने पहिल्याच दिवशी उघडली. सरकारच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त माणसं आली. पुढे पंतप्रधान झालेल्या डेव्हिड कॅमेरून यांनी वर्षाची निव्वळ भर (येणाऱ्यांतून जाणारे वजा करून) एक लाखाच्या आत आणण्याचं वचन दिलं. संघात राहून ते पाळणं त्यांच्या हातात नव्हतं. आमचा सुपरवायझर इथलाच, मला गाडी शिकवणारा माणूस. तो म्हणाला होता, "तुझ्याशी माझं भांडण नाही. पण किती जण यायचे हे आम्ही ठरवायचं की नाही?" तो द्वेष नव्हता, हे मी आजही सांगेन. द्वेष दुसरीकडे होता. सीरियातून पळालेल्या निर्वासितांच्या रांगेचा फोटो मोठ्या पोस्टरवर छापून मतं मागितली गेली. त्या माणसांचा युरोपीय संघातल्या मुक्त संचाराशी संबंध नव्हता.

२३ जून २०१६ ला मतदान झालं. मला मत नव्हतं. ब्रिटिश, आयरिश आणि राष्ट्रकुलातल्या देशांच्या नागरिकांना मतदान होतं, पोर्तुगीजांना नाही. माझ्या घरात भाड्याने राहणारा साताऱ्याचा मुलगा तीनच वर्षांपूर्वी आलेला, पण भारतीय पासपोर्टवर, म्हणून तो मत देऊन आला. मी सात वर्षं कर भरत होतो आणि ज्या हक्कावर माझं घर उभं होतं, त्याबद्दल मला कुणी विचारलं नाही. सकाळी पाळी सुटली तेव्हा निकाल आला होता: ५१.९ टक्के बाहेर पडण्याच्या बाजूने. स्विंडननेही तोच कौल दिला होता. त्या दिवशी बसमध्ये मराठी-कोंकणी बोलायचं आम्ही टाळलं.

त्यानंतर आकडा कमी झाला नाही, वाढला. युरोपातून येणारे घटले, पण सरकारने स्वतःच व्हिसा दिले, विद्यार्थ्यांना आणि देखभालीच्या कामांना, आणि त्यात भारतीय फार मोठ्या संख्येने आले. २०२३ मध्ये वर्षाची निव्वळ भर नऊ लाखांच्या वर गेली. दुसरीकडे इंग्लिश खाडीतून छोट्या बोटींनी येणारे २०२२ मध्ये ४५,००० च्या पुढे होते. संघाबाहेर पडल्यावर, आश्रय मागणाऱ्याला तो आधी पोचलेल्या युरोपीय देशात परत पाठवण्याचा जुना करारही ब्रिटनला राहिला नाही. सीमा हातात घेण्यासाठी दिलेल्या मताचा तोही एक परिणाम. लोकांचा राग आता बोटींवर आहे, पण रस्त्यात आपल्याला पाहून कोण कसा आला हे कुणाला कळत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये साउथपोर्ट गावात लहान मुलींची हत्या झाली, हल्लेखोराबद्दल खोटी अफवा पसरून दंगली झाल्या, तेव्हा माझी बायको आठवडाभर एकटी बाहेर पडली नाही. शेजारची म्हातारी रोज दूध-ब्रेड आणून द्यायची. दोन्ही गोष्टी इथल्याच आहेत.

आता पासपोर्टचं. तो निरुपयोगी नाही. आयर्लंड, जर्मनी, नेदरलँड्समध्ये तो आजही तसाच चालतो, जसा मला ब्रिटनमध्ये चालला. इंग्रजीची सोय हवी तर डब्लिन पाहा, मात्र तिथली घरभाडी ऐकूनच जा. आणि आयर्लंडमधून ब्रिटनमध्ये कामाला जाण्याची मुभा आयरिश नागरिकांना आहे, तिथे राहणाऱ्या पोर्तुगीजाला नाही. कुणी बेलफास्टची (उत्तर आयर्लंड, म्हणजे ब्रिटनचाच भाग) वाट दाखवली तर बळी पडू नका.

आधी घरी बसून एक गोष्ट ठरवा. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. पोर्तुगीज झालात की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं कार्ड) मिळालं तरी मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. मी हे २००८ मध्ये घाईत केलं. वडिलांना सांगितलं सह्या झाल्यावर. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या निवडणुकीला मतदान केंद्रावर एकटेच गेले.

एजंटला पैसे देण्याआधी जन्माच्या मूळ नोंदीची नक्कल, आपण तेओर म्हणतो ती, स्वतः काढून बघा. आजोबा आणि वडील यांच्या कागदांवर आडनाव वेगळं असेल तर वर्षं जातात. आणि त्याला लेखी विचारा: ब्रिटनमध्ये मी नेमक्या कुठल्या व्हिसावर काम करणार? त्याने काय लिहून दिलं ते मला कळवा.