जामीन तर झाला, आता कलम १०५ लागेल का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ रात्रपाळी करून स्कूटरने कासारवडवलीला घरी येत होता. घोडबंदर रोडवर भरधाव कारने त्याला मागून उडवलं. तो जागीच गेला. चालक पळाला नाही, पण त्याच दिवशी जामिनावर सुटला. एफआयआरमध्ये कलम १०६, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू, लावलंय. ही मनुष्यहत्या नाही का? आता चालकाचे वडील स्टॅम्प पेपर घेऊन 'मिटवून टाकू' म्हणतात. भावामागे वहिनी आणि चार वर्षांची मुलगी आहे.

उत्तर : ताई, आधी त्या स्टॅम्प पेपरचं बोलू. 'आमची काही तक्रार नाही' अशा मजकुरावर कोणीही सही करू नका, वहिनींनी तर मुळीच नाही. हा गुन्हा आपसात मिटत नाही. पण तोच कागद पुढे गुन्हा रद्द करून घ्यायला किंवा शिक्षा कमी करायला कोर्टात दाखवला जातो.

आता कलमाचं. जुन्या दंड संहितेच्या ३०४-अ मध्ये या गुन्ह्याला जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा होती. १ जुलै २०२४पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०६(१)मध्ये ती पाच झाली. किमान शिक्षा मात्र ठेवली नाही आणि गुन्हा जामीनपात्रच राहिला, म्हणून तो संध्याकाळी घरी. पळून जाणाऱ्याला दहा वर्षांची तरतूद करणारं १०६(२) ट्रकचालकांच्या संपानंतर थांबवून ठेवलंय. तुमच्या प्रकरणात तसंही ते बसलं नसतं.

१०५ म्हणजे सदोष मनुष्यवध. त्यासाठी 'यात कोणाचा जीव जाऊ शकतो' याची चालकाला जाणीव होती, हे सिद्ध करावं लागतं. नुसत्या वेगावर ते टिकणं कठीण. २००६च्या कार्टर रोड प्रकरणात झोपलेले सात मजूर गेले, चालक दारू प्यायलेला होता. तिथे सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये हीच जाणीव मान्य केली, तरी शिक्षा तीनच वर्षं. निष्काळजीपणा आणि सदोष मनुष्यवध यांच्यामध्ये 'धोकादायक वाहन चालवून मृत्यू' असा वेगळा, किमान शिक्षेचा गुन्हा आपल्याकडे हवा, असं माझं जुनं मत आहे. पण कायदा बदलेपर्यंत तुम्ही थांबू शकत नाही.

म्हणून रक्ततपासणीचा अहवाल आला का, हे तपास अधिकाऱ्याला लेखी विचारा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोलीस ठाण्याचा शिक्का घ्या. पेट्रोल पंप, सोसायट्यांचं सीसीटीव्ही आजच जप्त करायला सांगा, ते काही दिवसांत पुसलं जातं. टायर घासल्याच्या खुणा पंचनाम्यात आहेत का बघा. स्कूटरची आरटीओ तपासणी होईपर्यंत ती सोडवून आणू नका, हेल्मेटही धुऊन ठेवू नका. नशा, उलट दिशा, सिग्नल तोडणं, असं काही निघालं तर १०५ लावा म्हणून अर्ज करता येतो. खटल्यात सरकारी वकिलाच्या मदतीला तुमचा वकील कोर्टाच्या परवानगीने उभा राहू शकतो.

भरपाईचा दावा वेगळा, ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. मुदत अपघातापासून सहा महिने, फौजदारी निकालाची वाट बघत बसू नका. येताना भावाच्या शेवटच्या पगारपत्रिका आणि मुलीचा जन्मदाखला आणा.