डब्लिनला सेल्सच्या नोकरीसाठी येऊ का, असं विचारलंस म्हणून

भाऊ, तुझा प्रश्न असा: कोडिंगमध्ये मन लागत नाही, बोलणं जमतं; तर अमळनेरहून मास्टर्ससाठी डब्लिनला येऊन पुढे आयटी कंपनीत सेल्सला लागावं का, आणि त्यासाठी कर्ज काढावं का. मी त्याच वाटेने आलो, म्हणून सविस्तर लिहितो.

सेल्सच्या पहिल्या पायरीला इथे एसडीआर (सेल्स डेव्हलपमेंट रिप्रेझेंटेटिव्ह) किंवा बीडीआर (बिझनेस डेव्हलपमेंट रिप्रेझेंटेटिव्ह) म्हणतात. सौदा तू करत नाहीस, तो अकाउंट एक्झिक्युटिव्ह करतो. तू अनोळखी माणसांना फोन, ईमेल, लिंक्डइनवर मेसेज करून मीटिंग ठरवायची. टार्गेटही मीटिंगचंच. बहुतेक लोक नाहीच म्हणतात.

येण्याआधी मी चोपड्याला वर्षभर ठिबकच्या दुकानात होतो. शेतकऱ्याला आधी विचारायचो, विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरतं, थ्री फेज लाइट दिवसा असते की रात्री? नळीचा विषय त्यानंतर. इथे आल्यावर ते सगळं विसरलो आणि स्क्रिप्ट वाचत सुटलो. तिसऱ्या आठवड्यात इंग्लंडमधल्या लीड्स शहरातल्या एका गोदामाच्या मॅनेजरने मध्येच थांबवून विचारलं, ‘माझं काम कुठे अडतं, ते तुला माहीत आहे का?’ मी गप्प. पलीकडे फोर्कलिफ्टचा पीं-पीं आवाज चालू होता. दुसऱ्या दिवसापासून मीच आधी विचारू लागलो, परत आलेल्या मालाची नोंद कोण ठेवतं? लोक बोलते झाले. म्हणून उच्चारांची भीती बाळगू नकोस. अहिराणीची लकब माझ्या इंग्रजीत आजही आहे. सावकाश बोललं की समोरच्याला कळतं.

खरी काळजी परवान्याची. शिकताना स्टॅम्प २ वर, म्हणजे आयर्लंडच्या विद्यार्थी परवान्यावर, सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. मास्टर्सनंतर स्टॅम्प १जी, म्हणजे शिक्षणानंतर इथे राहून काम करायचा परवाना, मिळतो, आधी १२ महिने, मग आणखी १२. तेवढ्यात कंपनीने वर्क परमिट काढलं पाहिजे. सॉफ्टवेअर डेव्हलपरचं काम क्रिटिकल स्किल्सच्या, म्हणजे देशाला तुटवडा असलेल्या कामांच्या, सरकारी यादीत आहे. सेल्सची पहिली पायरी त्यात सहज बसत नाही. शिवाय इथल्या टीम देशांप्रमाणे वाटलेल्या असतात. जर्मन किंवा फ्रेंच येणाऱ्याला मागणी असते, आणि युरोपियन युनियनच्या नागरिकाला परमिट लागतच नाही. म्हणून पहिल्याच मुलाखतीत विचार: परमिट काढणार का, याआधी कोणाचं काढलंय का? संकोच करू नकोस. मी केला, आणि त्यात सात महिने गेले.

पगाराचा आकडाही नीट बघ. ऑफरमध्ये ओटीई (ऑन-टार्गेट अर्निंग्ज) लिहितात, म्हणजे बेस आणि पूर्ण टार्गेट गाठलं तरचं कमिशन. हप्त्याचा हिशोब फक्त बेसवर मांड, तोही कर कापून. माझ्या पहिल्या कंपनीत तिमाहीच्या मध्येच टार्गेट वाढवलं. ‘बदलणार नाही’ हे मला तोंडीच सांगितलं होतं, लेखी काही नव्हतं. तू कमिशनचे नियम लेखी माग, आणि मागच्या तिमाहीत टीममधल्या किती जणांनी टार्गेट गाठलं तेही विचार. भाडं फार आहे; आधी एकाच खोलीत दोघं राहायची तयारी ठेव.

कर्जाबद्दल. विप्रो १९४५ साली तुझ्याच गावात तेलाच्या कारखान्यापासून सुरू झाली, आणि आजोबांनी तिचे शेअर जपलेत, असं तू लिहिलंस. त्यातले थोडे विकून येणार असशील तर जरूर ये. बोरीकाठचं शेत गहाण टाकून मात्र सेल्सच्या भरवशावर येऊ नकोस. ऑफर आली की सहीआधी मला पाठव, आपण ओळ न् ओळ वाचू.