'चटणी टेस्ट्स गुड' की 'वेल'?

सोलापूरच्या एका ताईंनी विचारलंय: आठवीतल्या मुलीने वहीत 'द चटणी टेस्ट्स गुड' असं लिहिलं. शब्द क्रियापदानंतर आलाय, म्हणजे ते क्रियाविशेषण. मग 'वेल' नको का?

नको. मुलीचं वाक्य बरोबर आहे. शब्द कुठे बसलाय यावरून त्याची जात ठरत नाही, तो कुणाबद्दल सांगतो यावरून ठरते. इथे 'गुड' हा चटणीचा गुण आहे. 'टेस्ट्स'च्या जागी 'इज' घालून बघा, 'द चटणी इज गुड'. वाक्य तसंच उभं राहतं, म्हणून विशेषण. 'शी स्विम्स वेल'मध्ये 'इज' घातलं तर पोहणंच नाहीसं होतं. लुक, फील, स्मेल, साउंड यांनाही हीच कसोटी लावा. 'शी लुक्ड अँग्री' म्हणजे ती रागावलेली दिसली; 'शी लुक्ड अँग्रिली ॲट हिम' म्हणजे तिने त्याच्याकडे रागाने पाहिलं.

आपली मुलं इथे अडखळतात ती मराठीमुळे, असं मला ठामपणे वाटतं. 'चटणी चांगली लागते' आणि 'ती चांगली पोहते' या दोन्हींत 'चांगली'च. दुसऱ्या वाक्यातलं 'चांगली' खरं तर क्रियाविशेषण, पण तेही कर्त्याप्रमाणे बदलतं: तो चांगला पोहतो, ती चांगली पोहते. शाळेत क्रियाविशेषण म्हणजे अव्यय, रूप न बदलणारा शब्द, असं पाठ केलेलं असतं, त्यामुळे हे लक्षातच येत नाही. अशा वेळी 'चांगल्या रीतीने' घालून बघावं. 'ती चांगल्या रीतीने पोहते' चालतं, 'चटणी चांगल्या रीतीने लागते' असं कुणी म्हणणार नाही.

आता जरा अवघड जागा. 'भाकरी नीट भाजली' यात 'नीट' भाजण्याबद्दल आहे. 'भाकरी कडक भाजली' यात मात्र कडक झाली ती भाकरी! आपल्याकडची कडक भाकरी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना हा फरक समजावून सांगायला नको. इंग्रजीतही तसंच: 'दे डाइड द यार्न रेड', सूत लाल झालं, म्हणून विशेषण, 'दे डाइड द यार्न केअरफुली', काळजी रंगवण्यात घेतली, म्हणून क्रियाविशेषण.

शेवटी 'ली' असलं की क्रियाविशेषण, ही खूण अर्धीच खरी. 'फ्रेंडली', 'लव्हली' ही विशेषणं आहेत. 'फास्ट' दोन्हीकडे चालतो. 'हार्ड'चं मात्र मुलीला जरूर सांगा: 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो कष्ट करतो, 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो फारसं कामच करत नाही.