गॉडझिला नव्हे, गोजिरा!

विचारणा अशी: निस्सानच्या स्काइलाइन जीटी-आर गाडीला 'गॉडझिला' म्हणतात. त्यातला 'गॉड' म्हणजे देवच ना? मग मराठीत 'देवदैत्य' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. हा 'देवदैत्य' ऐकून ऐकून कान किटलेत.

मूळ जपानी शब्द 'गोजिरा'. 1954 साली तोहो कंपनीने पडद्यावर आणलेला राक्षस. 'गोरिरा' म्हणजे गोरिला आणि 'कुजिरा' म्हणजे व्हेल; पहिल्याचं डोकं घेतलं, दुसऱ्याचं शेपूट. जपानीत र-ल असा भेद नाही. इंग्रजीने ल उचलला, वर 'गो'चा 'गॉड' केला, आणि आपण ते उष्टं खातोय! अहो, आपल्याकडे ज आहे. 'जाड'मधला नव्हे, 'जिरे'मधला, जवळजवळ जपान्यांच्या तोंडचाच. शिवाय गोजिरा हा शब्द घरातलाच: साजिरा-गोजिरा! परदेशी नावं इंग्रजी स्पेलिंगबरहुकूमच लिहावीत म्हणणारे जाणकार यावर नाक मुरडतील. जपानी नावाचं सोवळं इंग्रजांकडे कधी गेलं, एवढंच त्यांनी सांगावं.

गाडीला 'गॉडझिला' हे नाव दिलं ऑस्ट्रेलियातल्या 'व्हील्स' मासिकाने, 1989 मध्ये, आर32 पिढी आली तेव्हा. दिसायला सोज्वळ, रोज कचेरीत नेण्याजोगी. म्हणजे मराठी अर्थानेही गोजिरीच! बॉनेटखाली मात्र एका रांगेत सहा सिलिंडर आणि दोन टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारे पंखे. 2568 सीसी हा विचित्र आकडाही पक्का हिशेबी. ग्रुप ए, म्हणजे बाजारात विकल्या जाणाऱ्या गाड्यांवर बेतलेल्या शर्यती; त्यांत टर्बो इंजिनाची क्षमता 1.7 ने गुणून धरत. गुणाकार 4366 च्या आसपास, म्हणजे 4500 सीसीपर्यंतच्या वर्गात अलगद बसतो. एरवी इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर. ती घसरू लागली की यंत्रणा निम्म्यापर्यंत जोर पुढच्या चाकांकडे वळवते. जपानच्या ग्रुप ए मालिकेत 1990 ते 1993 या काळात 29 पैकी 29 शर्यती या गाडीने मारल्या. ऑस्ट्रेलियातली बाथर्स्टची हजार किलोमीटरची शर्यतही मारली, 1991 आणि 1992, लागोपाठ. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियाने नियमच असे बदलले की तिला तिथे जागा उरली नाही.

हां, देवाचं राहिलंच. व्हेलला मराठीत काय म्हणतात? देवमासा. म्हणजे गोजिरात देव आहे खरा, पण डोक्याकडे नाही, शेपटाकडे.