छत्तीस तासांची नोटीस आणि पुन्हा उगवणारी साइट

ऑनलाइन पायरसी आणि सरकारी कारवाई याबद्दल आलेल्या पत्रांतले चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आमची छोटी प्रकाशन संस्था आहे. नव्या कादंबरीची पीडीएफ एका मेसेजिंग ॲपच्या चॅनेलवर फिरते आहे. कंपनीला दोन ईमेल केले, उत्तर नाही. सरकारकडे तक्रार केली तर चॅनेल बंद होईल का?

उत्तर : पुस्तकासाठी त्या दारात फार काही मिळत नाही. सरकारला इंटरनेटवरचा मजकूर थेट बंद करायचा अधिकार देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९अ हे देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांपुरतं आहे. कॉपीराइट त्यात बसत नाही. तुमचा रस्ता कॉपीराइट नियम २०१३ मधल्या नियम ७५ चा. या नियमानुसार रीतसर लेखी तक्रार गेली आणि कंपनीची खात्री पटली, तर ३६ तासांत ती प्रत लोकांना मिळणं थांबवायचं असतं.

‘रीतसर’ हा शब्दच इथे महत्त्वाचा. ‘आमचं पुस्तक चोरलंय, कृपया काढा’ असा ईमेल नोटीस ठरत नाही. नोटिशीत कलाकृतीचं वर्णन हवं (नाव, लेखक, आयएसबीएन, आवृत्ती). हक्क तुमचे असल्याचा पुरावा हवा. ही प्रत कायद्याने मुभा दिलेल्या वापरात का मोडत नाही ते लिहा. नेमका पत्ता द्या. टाकणारा माहीत असेल तर त्याचा तपशील. शिवाय २१ दिवसांत न्यायालयात दावा लावून आदेश आणू, अशी हमी हवी. बहुतेक नोटिशींतून नेमकी ही हमीच गळते.

पत्ता म्हणजे चॅनेलचं नाव नव्हे. ज्या संदेशात फाइल आहे त्या संदेशाची लिंक घ्या. तीच फाइल पाच संदेशांत असेल तर पाच लिंका. सर्च केल्यावर येणाऱ्या पानाची लिंक निरुपयोगी. आणि नोटीस पाठवण्याआधी फाइल उतरवून ठेवा, तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, फाइलची हॅश (फाइलच्या मजकुरातून निघणारा, तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) काढून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅशचा रकाना असतो. संदेश उडाल्यावर हे जमत नाही.

हक्कांचा पुरावा म्हणजे लेखकाबरोबरचा करार. तो आधी काढून वाचा. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो. जुनी पुस्तकं वर्षानुवर्षं त्याच करारावर छापणाऱ्यांची इथे पंचाईत होते, कारण ती मुदत संपली की नोटीस लेखकाने द्यायला हवी. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, पण पुस्तकाला शुल्क ५०० रुपयेच आहे आणि पुरावा म्हणून ती कामी येते. करून टाका.

आता खरा खड्डा. २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश दाखवला नाही, तर कंपनी फाइल पुन्हा खुली करू शकते, आणि त्याच पत्त्यावरच्या त्याच पुस्तकाबद्दल तुमच्या पुढच्या नोटिशीला उत्तर देणं तिच्यावर बंधनकारक राहत नाही. म्हणजे वकील आणि दाव्याचा मसुदा तयार नसताना नोटीस धाडणं म्हणजे हातातली एकुलती गोळी हवेत झाडणं. दाव्यासाठी दिल्ली-मुंबई गाठायची गरज नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ मुळे तुमच्या व्यवसायाच्या ठिकाणच्या जिल्हा न्यायालयात तो लावता येतो. दाव्यासोबतच तातडीच्या मनाईचा अर्ज द्या आणि चॅनेल चालवणाऱ्याची माहिती मागा. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये कोचिंगच्या नोट्सच्या प्रकरणात टेलिग्रामला अशी माहिती द्यायला लावली होती.

पोलिसांत जायचं तर कॉपीराइट कायद्याचंच कलम ६३ लावता येतं. हा गुन्हा दखलपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे, त्यामुळे ‘अदखलपात्र आहे, कोर्टात जा’ हे उत्तर ऐकून परतू नका.

प्रश्न : आमचा मराठी चित्रपट शुक्रवारी लागतोय. रविवारपर्यंत तो साइटवर येणार हे गृहीतच धरलंय. काय तयारी ठेवावी?

उत्तर : चित्रपटाला मात्र सरकारी दार आहे. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा बदलला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात माहिती व प्रसारण मंत्रालयाने सेन्सॉर बोर्ड आणि पत्र सूचना कार्यालयात नोडल अधिकारी (या तक्रारी हाताळणारे अधिकारी) नेमले. त्यांचा आदेश निघाला की ४८ तासांत लिंक काढायची असते. घड्याळ आदेशापासून सुरू होतं, तुमच्या तक्रारीपासून नाही. म्हणून सेन्सॉर प्रमाणपत्र, हक्कांची कागदपत्रं आणि अधिकारपत्र गुरुवारीच एका फोल्डरमध्ये ठेवा. हक्कधारक नसलेली व्यक्तीही तक्रार करू शकते, पण मग शहानिशेसाठी सुनावणी होऊ शकते.

प्रत थिएटरमध्ये चोरली असेल तर ती ओळखता येते. डिजिटल प्रिंटमध्ये प्रोजेक्शनच्या वेळी अदृश्य खूण उमटते आणि तिच्यात ठिकाण व वेळ असते. लॅबला तपासणीसाठी ५ मिनिटांचा सलग तुकडा द्या, तीस सेकंदांची रील नको. शिक्षा ३ महिने ते ३ वर्षं कैद, आणि दंड ३ लाखांपासून निर्मितीच्या लेखापरीक्षित खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत.

प्रश्न : नुसतं पाहणाराही गुन्हेगार का? ब्लॉक झालेल्या पानावर तसं वाचलं होतं.

उत्तर : नाही. ती पाटी २०१६ ची. मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. गौतम पटेल यांनी तेव्हाच सांगितलं की गुन्हा पाहण्यात नाही. विनापरवाना वाटप, जाहीर प्रदर्शन, विक्री किंवा भाड्याने देणं यात आहे. टॉरेंटने (म्हणजे उतरवणाऱ्यांनीच एकमेकांना फाइलचे तुकडे पुरवायच्या पद्धतीने) पाहणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावं, की तिथे उतरवता उतरवता तुम्ही तुकडे पुढे वाटतही असता.

प्रश्न : न्यायालय बंदी घालतं, तरी साइट आठवड्यात परत कशी येते?

उत्तर : कारण साइट जागची हलतच नाही. सर्व्हर परदेशात असतो. इथे इंटरनेट कंपन्या फक्त त्या नावाकडे जाणारी वाट बुजवतात. मालक नवं नाव घेतो. त्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये तोडगा काढला : नवा दावा न लावता निर्माते शपथपत्र देऊन नवी नावं जुन्याच आदेशात जोडू शकतात. पत्ते शोधत बसण्याचं काम तरीही निर्मात्याच्याच गळ्यात राहतं.

ही वाट बुजवताना भलतेही अडकतात. आयपी पत्ता (सर्व्हरचा आकडी पत्ता) अडवला तर त्याच पत्त्यावरच्या निरपराध साइटही बंद पडतात. ऑगस्ट २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशांतल्या अडीच हजारांहून लांब यादीत इंटरनेट आर्काइव्ह हे मोफत ऑनलाइन ग्रंथालय सापडलं होतं, जिथे जुनी मराठी पुस्तकं ढिगाने आहेत. तुमची साइट अशी अडकली तर इंटरनेट कंपनीशी भांडून वेळ घालवू नका, ती स्वतःहून उघडू शकत नाही. आदेशाचा दावा क्रमांक मागा आणि त्याच न्यायालयात अर्ज करा. ब्लॉकची पाटी दिसली नाही म्हणून साइट बिघडली असंही समजू नका : एचटीटीपीएस (पत्त्याआधी https असलेल्या, सांकेतिक रूपात येणाऱ्या) पानावर कंपनीला स्वतःची पाटी दाखवता येत नाही, नुसता ‘कनेक्शन रीसेट’ येतो. दोन वेगळ्या कंपन्यांच्या सिमवरून उघडून पाहा. एकावर चालली आणि दुसऱ्यावर अडली तर सर्व्हर ठीक आहे.