पैठणीच्या पेजचं फीड: सुरुवातीला एवढंच बघा

ताई, साड्या सुरेख आहेत, पण तुमचं इन्स्टाग्राम पेज विस्कटलेलं दिसतंय. कारण साधं आहे: एका फोटोत मागे सोफा, दुसऱ्यात फरशी, तिसऱ्यात कुंडी. पैठणी मुळातच भरजरी, पदरावर मोर, अंगभर बुट्ट्या. मागे गजबज नकोच. एक कोरी ऑफव्हाइट चादर घ्या आणि खिडकीपाशी, सकाळच्या उजेडात, सगळे फोटो तिथेच काढा. निम्मं काम इथेच होतं.

बाकी:

- टाकण्याआधी नऊ फोटो शेजारीशेजारी लावून बघा. दोन जांभळ्या लागून आल्या तर एक पुढे ढकला.
- मजकुराच्या पोस्टला एकच फॉन्ट, दोनच रंग.
- २०२५ पासून इन्स्टाग्रामच्या ग्रिडमधली, म्हणजे पेजवर ओळीने दिसणाऱ्या फोटोंची, चौकट चौरस नाही, उभी ३:४ आहे. किंमत अगदी कडेला लिहिलीत तर ग्रिडवर कापली जाते.
- रीलला कव्हर लावा, नाहीतर भलतीच फ्रेम दिसते.

नऊ चौकटींत एकच मोठं चित्र जुळवायच्या फंदात पडू नका. नवी पोस्ट टाकली की सगळं एक घर सरकतं. आणि फिल्टर अजिबात नको! फोटोत राणी कलर, हातात डाळिंबी; मग साडी परत. तीन पोस्ट पिन करता येतात, म्हणजे पेजवर कायम सगळ्यात वर ठेवता येतात; त्यातली एक ऑर्डर कशी द्यायची याची ठेवा.